हार्बिनमध्ये जेवायला बसताना: उणे वीस अंशांतल्या शहराचं खाणंपिणं, पायरीपायरीने

हिवाळ्यात हार्बिनला जाणारा माणूस कोट, बूट, हातमोजे यांची यादी महिनाभर आधी करतो आणि जेवणाचा विचार मात्र तिथे पोचून भूक लागल्यावर करतो. माझ्या मते जेवणाची आखणीही तितकीच आधी व्हायला हवी. जानेवारीत इथलं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि रात्री ते उणे २५च्या खाली सहज उतरतं. अशा हवेत तुम्ही बाहेर किती वेळ टिकाल, हे कोटाइतकंच शेवटचं जेवण कधी आणि कसलं झालं यावर ठरतं. इथल्या लोकांनी आपलं सगळं खाणं याच हिशेबाने बसवलं आहे. त्यामुळे जेवणाच्या वेळा आधी ठरवा आणि बर्फाचे महाल, चर्च, नदी हे सगळं त्यांच्या मधे बसवा. शहर जास्त नीट बघून होईल.

शहराची ओळख, ताटापुरती

हार्बिन ही चीनच्या ईशान्य टोकाच्या हेइलोंगजियांग प्रांताची राजधानी. सोंगह्वा नदीच्या काठचं, सुमारे एक कोटी वस्तीचं. १८९८मध्ये रशियाने इथून चायनीज ईस्टर्न रेल्वे बांधायला घेतली आणि मासेमारीच्या वस्त्यांच्या जागी हे शहर उभं राहिलं. रेल्वेबरोबर रशियन आले, त्यांच्याबरोबर लिथुआनियन, पोलिश, ज्यू आले, आणि १९१७च्या क्रांतीनंतर तर निर्वासितांची रीघच लागली. दुसऱ्या बाजूने शानतोंग आणि हेबेइ प्रांतांतून चिनी मजूर आणि शेतकरी येत होते. या भूमीवर मांचू लोक त्याही आधीपासून होते.

तुमच्या ताटात हे तिन्ही थर दिसतील. आंबवलेली कोबी आणि उकडलेलं डुकराचं मांस मांचूंच्या वळणाचं, ज्याओझ (मोमोसारखे सारण भरलेले गोळे) आणि वाफवलेले बन उत्तर चिनी, आणि पाव, सॉसेज, क्वास (पाव आंबवून केलेलं पेय) रशियन. तिखटाचं प्रमाण मात्र तिन्हींत कमीच. सिचुआनच्या जेवणाची कल्पना डोक्यात ठेवून जाऊ नका. इथलं जेवण खारट-आंबट, लसणाचं, भरपूर तेलाचं आणि शिजवून मऊ केलेलं असतं. झणझणीत हवं असेल तर टेबलावर 'लाज्याओ यौ', म्हणजे मिरचीचं तेल मागा. बहुतेक ठिकाणी मिळतं.

निघण्यापूर्वी करायच्या गोष्टी

अलीपे हे पैसे देण्याचं ॲप निघण्यापूर्वीच फोनवर घ्या (वीचॅटवर भारतात २०२०पासून बंदी आहे), पासपोर्टची नोंदणी पूर्ण करा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवा. हार्बिनमध्ये भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडवर पैसे घेते, आणि पुष्कळ हॉटेलांत मेन्यूही टेबलावरचा कोड स्कॅन करूनच उघडतो. गूगलच्या सेवा चीनमध्ये चालत नाहीत, म्हणून भाषांतराचं असं ॲप घ्या ज्यात चिनी भाषा उतरवून ठेवता येते आणि कॅमेरा रोखून मेन्यू वाचता येतो. हॉटेलं शोधायला स्थानिक लोक द्यानफिंग हे ॲप वापरतात. ते चिनीत आहे, पण पदार्थांचे फोटो आणि अंतर कळायला तेवढं पुरतं.

कडक थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, कधी फोन अचानक बंदच पडतो. तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा, पॉवर बँकही तशीच. जेवून झाल्यावर पैसे देता येत नाहीत ही वेळ येऊ नये म्हणून थोडे युआन रोख जवळ असू द्या.

कपड्यांबद्दल जेवणाच्या संदर्भात एकच सांगतो. इमारती आतून चांगल्या तापवलेल्या असतात, वीस अंशांच्या वर. बाहेरून आत आलात की चष्म्यावर धुकं आणि पाच मिनिटांत घाम. सगळ्यात जाड थर सहज काढता येईल असाच घाला आणि आत शिरताच काढा. घामाने ओले झालेले कपडे घालून पुन्हा बाहेर जाणं हे इथे खरं धोक्याचं. पुष्कळ हॉटेलांत खुर्चीवर टाकलेल्या कोटावर घालायला कापडी आवरण देतात, म्हणजे तेलाचा वास बसत नाही.

वेळा: सूर्य चारच्या आधी मावळतो

डिसेंबरअखेरीस हार्बिनमध्ये सूर्यास्त चारच्या आत होतो. लोक दुपारचं जेवण अकरा ते एक आणि रात्रीचं पाच ते सातमध्ये उरकतात. आपल्यासारखं नऊला जेवायला निघालात तर चांगली घरगुती हॉटेलं आवरत असतील आणि सळयांवर मांस भाजून देणारी दुकानं तेवढी उरतील. ५ जानेवारीला बर्फोत्सवाचं औपचारिक उद्घाटन असतं. त्या सुमाराला आणि चिनी नववर्षाच्या सुटीत नावाजलेल्या ठिकाणी लांब रांगा लागतात. २०२४च्या नववर्षाच्या तीन दिवसांच्या सुटीतच शहरात ३० लाखांहून अधिक पर्यटक आले होते. अशा दिवसांत साडेदहा-अकराला किंवा दुपारी तीनच्या सुमाराला हॉटेल गाठा, आणि दारात यंत्रावर रांगेचा क्रमांक मिळत असेल तर आधी तो घ्या.

पहिली पायरी: सकाळचा बाजार

पहिल्या दिवशी हॉटेलचा नाश्ता सोडा आणि सकाळचा बाजार गाठा. मध्यवर्ती भागात राहणाऱ्यांना होंगज्वान रस्त्यावरचा बाजार सोयीचा, कारण तो प्रसिद्ध जोंगयांग रस्त्याजवळच आहे. पहाटेपासून भरतो आणि नऊच्या सुमाराला आवरू लागतो. थंडी तेव्हा सगळ्यात कडक असते, पण तीच या बाजाराची गंमत आहे. मासे, आइस्क्रीम, पेअरची फळं, ज्याओझ सगळं खोक्यांत, उघड्यावर मांडलेलं असतं. फ्रीजची गरजच नाही.

खायचं काय? सुरुवात गरम द्रवाने करा. मऊ टोफूवर दाट तपकिरी रस्सा घातलेलं 'दोउफूनाओ' एक वाटी, बरोबर तळलेल्या पिठाच्या लांब कांड्या. उत्तर चीनमध्ये त्यांना यौथ्याओ म्हणतात, हार्बिनकर दाग्वोझ म्हणतात. नंतर लाल घेवड्याचं गोड सारण भरलेले तळलेले वडे, आणि 'न्येन दोउबाओ', म्हणजे चिकट भरडधान्याच्या पिठाचे वाफवलेले गोळे, आत तेच गोड सारण. हे मूळचं मांचू घरांतलं हिवाळी खाणं. घरोघरी एकदम शेकड्याने करून बाहेर गोठवत आणि वसंतापर्यंत लागतील तसे वाफवत.

उभ्याने खाताना हातमोजा एकाच हातातला काढा, आणि वाफाळता पदार्थ विकत घेतलात की तिथेच संपवा. चार पावलं चालेपर्यंत तो कोमट होतो, दहा मिनिटांत गार.

इथेच 'काओ लेंगम्येन' खाऊन बघा. हा हेइलोंगजियांगचा स्वतःचा रस्त्यावरचा पदार्थ. पातळ, लवचीक शेवयांची एक चादर तव्यावर टाकतात, वर अंडं फोडून पसरतात, उलटवून गोडसर-तिखट सॉस लावतात, कांदा-कोथिंबीर, व्हिनेगर आणि थोडी साखर घालून गुंडाळी करून कापून देतात. आत सॉसेज घालायचं का असं विचारतात. नको असेल तर हाताने खूण करा, समजतं.

दुपार: ग्वोबाओरोउ

हार्बिनमध्ये एकच पदार्थ खायचा असेल तर हा. डुकराच्या पाठीच्या नरम मांसाचे मोठे, पातळ काप बटाट्याच्या स्टार्चच्या दाट भिजवणीत बुडवून दोनदा तळतात, मग कढईत साखर, पांढरं व्हिनेगर आणि थोडा सोया सॉस यांचा पाक करून त्यात काही सेकंद उडवतात. वर आल्याच्या आणि गाजराच्या काड्या, कोथिंबीर.

हा पदार्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्बिनच्या दाओताय, म्हणजे सरकारी प्रशासकाच्या वाड्यावरच्या जंग शिंगवन या स्वयंपाक्याने घडवला असं सांगितलं जातं. वाड्यावर रशियन पाहुणे येत, त्यांना आंबट-गोड आवडे, म्हणून आधीच्या खारट तळलेल्या मांसाला त्याने नवी चव दिली. त्या घराण्याची परंपरा सांगणारं लाओछूज्या हे हॉटेल आजही शहरात आहे. गर्दी असते, पण नवख्यासाठी ती चव एक प्रमाण म्हणून उपयोगी पडते.

चांगला ग्वोबाओरोउ ओळखायच्या खुणा अशा. ताट टेबलावर टेकताच व्हिनेगरची वाफ नाकात शिरून ठसका यायला हवा. तो आला नाही तर पदार्थ स्वयंपाकघराच्या खिडकीत थांबून राहिलेला आहे. रंग फिकट सोनेरी हवा. लाल दिसला तर टोमॅटो केचपचा, शेजारच्या ल्याओनिंग प्रांताच्या पद्धतीचा. तोही वाईट नाही, पण हार्बिनचा म्हणून खायचा तर सोनेरीच. तिसरी खूण दातांखाली: बाहेरचं कवच कुरकुरीत, आत मांस रसाळ, आणि ताटाच्या तळाशी पाक साचलेला नसावा. सगळे पदार्थ येईपर्यंत थांबू नका. येताच सगळ्यांनी एकेक तुकडा उचला, कारण दहा मिनिटांनी कवच मऊ पडतं.

बरोबर भात घ्याच. हार्बिनच्याच अखत्यारीतल्या वूछांगचा तांदूळ साऱ्या चीनमध्ये नावाजलेला आहे. तिथल्या सुवासिक वाणाचा भात चकचकीत, किंचित चिकट आणि चवीला गोडसर असतो. इंद्रायणी आवडणाऱ्याला तो पहिल्या घासाला आवडेल. चिनी जेवणात भात पुष्कळदा शेवटी येतो, म्हणून मागवतानाच 'मीफान आधी आणा' असं ॲपवर लिहून दाखवा.

किती मागवायचं

बाहेरून आलेला माणूस इथे हमखास जास्त मागवतो. ईशान्य चीनमधल्या ताटांचा आकार बाकी चीनच्या मानाने खूप मोठा असतो. दोघांसाठी दोन पदार्थ आणि भात पुरतो, चौघांसाठी चार पदार्थ म्हणजे भरपूर. वेटर स्वतःच 'पुरे' म्हणाला तर ऐका, तो मनापासून सांगत असतो. काही ठिकाणी अर्धं ताट मिळतं, त्यासाठी 'बान फन' म्हणा. उरलं तर 'दाबाओ' म्हटलं की डबा बांधून देतात. यात कुणालाच संकोच वाटत नाही.

मला जमलेला मेळ असा: एक तळलेला आंबट-गोड पदार्थ, एक रस्सेदार, एक गार कोशिंबिरीच्या वळणाचा. गार पदार्थाला थंडीत नाही म्हणू नका. मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक चादरी, काकडी, गाजर, तिळाची पेस्ट, व्हिनेगर आणि लसूण घालून केलेला 'लापी' तेलकट जेवणात तोंड मोकळं करतो.

दुपारनंतर: जोंगयांग रस्त्यावर चालत

हा सुमारे दीड किलोमीटरचा रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी आहे. १९२४मध्ये त्यावर लहान पावाच्या आकाराचे ग्रॅनाइटचे दगड उभे रोवले, ते आजही तेच आहेत. जेवण होऊन पोटात ऊब असताना इथे या, आणि खात खात नदीपर्यंत जा.

पहिला थांबा सॉसेजचा. 'होंगछांग', म्हणजे लाल सॉसेज, लिथुआनियन कारागिरांनी इथे आणलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चुरिन या रशियन व्यापारी पेढीने विकायला सुरुवात केली. तिच्या नावाचं चिनी रूप छ्योलिन. डुकराचं मांस, चरबीचे तुकडे, भरपूर लसूण, वर लाकडाच्या धुराचा थर आणि सुरकुतलेलं लालसर कवच. ते शिजवलेलंच असतं, कापून तसंच खातात. हार्बिनकरांत छ्योलिन चांगलं की हारोउल्येन या दुसऱ्या कंपनीचं, हा वाद चालतो. दोन्ही थोडं थोडं घ्या. मला लसणाचा जास्त जोर असलेलं आवडतं.

दुसरा थांबा 'दालिएबा', म्हणजे रशियन घाटाचा गोल पाव. पारंपरिक वडी दोन किलोंच्या घरात जाते, वरचं कवच कडक, आतून आंबूस. आख्खी घेण्याचा मोह आवरा. कापलेला तुकडा किंवा सुक्या मेव्याची लहान वडी घ्या. संध्याकाळी हॉटेलवर त्यावर सॉसेजचे काप ठेवून खाल्ले की छोटं जेवण होतं. शाकाहाऱ्यांनी लोणी-जॅम लावून खावा.

तिसरा थांबा १९०६च्या मादिएअर हॉटेलबाहेरचा. इथे लोक उणे वीसमध्ये काडीवरचं दुधाचं आइस्क्रीम खात उभे असतात. तुम्हीही खा. तापवलेल्या खोल्यांतली कोरडी हवा आणि तेलकट जेवण यांनंतर काहीतरी गार, दुधाळ हवंसं वाटतं, आणि बाहेर ते वितळून हातावर ओघळत नाही. दातांना कळ येत असेल तर चावू नका, चोखा.

त्याच रस्त्यावर 'थांगहूलू' मिळतात. काडीला ओवलेली लालबुंद आंबट फळं आणि वर साखरेचं काचेसारखं कवच. या थंडीत कवच कुरकुरीत राहतं, पण आतलं फळ गोठून दगड झालेलं असतं. आत उबेला दोन-तीन मिनिटं धरा आणि मग चावा.

रात्र: लोखंडी कढईभोवती

दिवसभर बाहेर राहिल्यावर 'थ्ये ग्वो दुन'सारखं दुसरं काही नाही. टेबलाच्या मधोमध चुलीत बसवलेली मोठी लोखंडी कढई, तिच्यात तुमच्यासमोर रटरटणारा रस्सा. काही ठिकाणी बसायला 'कांग', म्हणजे आतून तापवलेला विटांचा ओटा असतो. खेड्यातल्या घरांत याच ओट्यावर जेवणं आणि झोपणं होतं. बूट काढून वर मांडी घालून बसा, पाय शेकतात.

क्रम असा ठेवा.

आधी मुख्य पदार्थ ठरवा: हंस, डुकराच्या बरगड्या, गावठी कोंबडी किंवा नदीचा मासा. दर बहुधा 'जिन'मध्ये, म्हणजे ५०० ग्रॅमला असतो. वजन किती आणि एकूण किती होईल हे आधीच कॅल्क्युलेटरवर लिहून घ्या. हंस बहुतेक वेळा आख्खा किंवा अर्धा येतो, तो चौघांपेक्षा कमी माणसांनी मागवू नये. दोघं असाल तर बरगड्या किंवा मासा.

मग सोबतच्या भाज्या: बटाटा, भोपळा, फरसबी, मक्याची कणसं, रुंद पट्ट्यांच्या स्टार्चच्या शेवया. दोन-तीन पुरेत. शेवया घ्याच, रस्सा त्याच शोषतात.

त्यानंतर थांबायचं. हंसाला पाऊण-एक तास लागतो. घाई असेल तर मुक्कामाच्या हॉटेलवाल्याकडून आधी फोन करून सांगून ठेवा. झाकण स्वतः उचलू नका. वेटर वेळ लावून जातात आणि तेच उघडतात.

शेवटच्या टप्प्यात कढईच्या कडांवर मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापतात. त्यांची पाठ लोखंडावर खरपूस भाजते आणि खालची कड रश्शात भिजते. माझ्या दृष्टीने सगळ्या जेवणाचं सार त्या भाकरीत आहे. एक तरी प्रत्येकी मागवा. कढईच्या कडेला हात लागणार नाही याची काळजी घ्या, विशेषतः मुलं बरोबर असतील तर.

माशांत 'दमोली' पद्धतीची कढई मागून बघा. हार्बिनच्या पूर्वेकडच्या फांगजंग तालुक्यातल्या दमोली गावावरून ती आली. नदीचा मासा, टोफू आणि शेवया एकत्र शिजवतात. कोंबडीत 'जनमो' नावाच्या रानटी अळंबीबरोबर शिजवलेली कोंबडी बघा. ही अळंबी मुख्यतः जंगलातूनच गोळा करतात आणि सुकवून वर्षभर वापरतात. तिचा मातकट वास रश्शात उतरतो, तो दुसऱ्या कुठल्या अळंबीला येत नाही.

स्वानत्साय: हिवाळ्याची शिदोरी

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर या काळात इथली घरं लांबट चिनी कोबीचे गड्डे ढिगाने विकत घेत. मोठ्या मातीच्या रांजणात मीठ घालून कोबी रचायची, वर जड दगड ठेवायचा आणि महिनाभर आंबू द्यायची. हेच स्वानत्साय. बाहेर काहीच पिकत नसताना तीच भाजी. सुरुवातीच्या दिवसांत आंबवणीत नायट्राइटचं प्रमाण जास्त असतं, म्हणून वीसेक दिवस झाल्याशिवाय जाणकार ती खात नाहीत. हॉटेलात मिळते ती पुरती मुरलेली असते.

बारीक चिरलेली ही कोबी डुकराच्या पोटाच्या मांसाबरोबर आणि शेवयांबरोबर तासभर शिजवतात. आंबटपणा चरबी कापतो आणि चरबी आंबटपणाला गोलाई देते, त्यामुळे जड पदार्थ असूनही तो जड वाटत नाही. याचंच मोठं रूप 'शाजूत्साय'. वर्षअखेरीला खेड्यात डुक्कर कापलं की गावजेवणात व्हायचं, त्यात रक्ताचं सॉसेजही असतं. ते नको असेल तर आधी विचारून घ्या.

ज्याओझ आणि दाओवाय

स्वानत्सायचं सारण भरलेले ज्याओझ हा हिवाळ्यातला माझा आवडता नाश्ता. हार्बिनमध्ये ते पुष्कळदा 'ल्यांग'ने मागवतात. एक ल्यांग म्हणजे ५० ग्रॅम पीठ, साधारण पाच-सहा ज्याओझ. एका माणसाला तीन ल्यांग पुरतात. दोन प्रकारची सारणं अर्धी अर्धी मागा. काळं व्हिनेगर, थोडा सोया सॉस आणि ठेचलेला कच्चा लसूण असं बुडवण स्वतः कालवा. नंतर ज्याओझ उकळलेलं गरम पाणी वाटीभर मागा. लोक ते जेवण पचावं म्हणून पितात, आणि थंडीत निघण्याआधी त्याची ऊब चांगली पोचते.

वेळ असेल तर एक दुपार दाओवाय भागात घालवा. जोंगयांग रस्त्याजवळचा भाग रशियनांचा, तर दाओवाय चिनी कारागीर-व्यापाऱ्यांचा. तिथल्या जुन्या घरांना 'चिनी बरोक' म्हणतात. पुढून युरोपीय नक्षी, आत चिनी चौक. खाणं इथे स्वस्त आणि जुन्या चवीचं: जांग बाओ फू या जुन्या दुकानातले वाफवलेले बन, तळलेली मिठाई, शिजवलेल्या मांसाचे काप. या भागात मुस्लिम वस्ती जुनी आहे. 'छिंगजन' अशी पाटी असलेल्या दुकानात डुकराचं मांस नसतं, तिथे गोमांस आणि मटण असतं.

रशियन जेवण एकदाच, पण निवांत

जोंगयांग रस्त्यावरचं ह्वामेइ हे १९२५पासूनचं. बीट-कोबीचं लाल सूप, मातीच्या भांड्यात शिजवलेलं मांस, पाव, क्वास. ही मॉस्कोची चव नव्हे. शंभर वर्षांत तिच्यात सोया-टोमॅटोचा हार्बिनी हात आला आहे, आणि तो समजून खाल्लं तर आवडतं. भांड्यातलं मांस बहुधा गोमांस असतं, आधी विचारा. जवळच १९३२मध्ये पूर्ण झालेलं सेंट सोफियाचं चर्च आहे. ते दिवे लागल्यावर बघून मग जेवायला या.

शाकाहाऱ्यांसाठी

हार्बिनमध्ये शाकाहारी राहता येतं, पण प्रत्येक ताटाला प्रश्न विचारण्याची तयारी हवी. अडचण भाजीची नाही, भाजीत सहज टाकलेल्या मांसाच्या कणांची आणि हाडांच्या रश्शाची आहे. मेन्यूवर नुसतं 'रोउ' असेल तर ते डुकराचं समजा. 'वो छ्र सू' म्हणजे मी शाकाहारी आहे. 'बू याओ फांग रोउ' म्हणजे मांस घालू नका. एवढ्याने भागत नाही, म्हणून हे वाक्य चिनीत लिहून फोनवर चित्र म्हणून ठेवा: मांस, मासे, कोळंबी, मांसाचा रस्सा, डुकराची चरबी आणि ऑयस्टर सॉस नको; अंडी-दूध चालतं किंवा चालत नाही. तळायला इथे सोयाबीनचं तेलच जास्त वापरतात, हेइलोंगजियांग चीनमधला सोयाबीन पिकवणारा सगळ्यात मोठा प्रांत आहे. तरी चरबीबद्दल विचारलेलं बरं.

खात्रीने मागवावं असं: 'दी सान श्येन', म्हणजे तळलेले बटाटे, वांगी आणि ढोबळी मिरची, लसणाच्या दाट सॉसमध्ये. पोटभरीची ही भाजी भाताबरोबर फार छान लागते. बटाट्याच्या काड्या व्हिनेगर-मिरचीत परतलेल्या. टोमॅटो-अंडं. हिरवी मिरची आणि पातळ टोफूच्या चादरींची भाजी, मांस नको असं सांगून. कच्च्या भाज्या आणि सोयाबीनच्या खारट पेस्टची थाळी. लसणाच्या चवीची पात आणि अंड्याच्या सारणाचे ज्याओझ, यात कधी सुकी कोळंबी असते, विचारा. आणि 'बास दीग्वा': रताळ्याचे तळलेले तुकडे गरम साखरेच्या पाकात. तुकडा उचलला की लांब तारा निघतात, तो बाजूच्या गार पाण्यात बुडवायचा की पाक कडक होतो. पाक भयंकर गरम असतो, पाण्यात न बुडवता तोंडात टाकू नका.

मालातांगच्या, म्हणजे रश्शात उकळून देण्याच्या पदार्थांच्या, दुकानात भाज्या स्वतः निवडून वजनावर पैसे देता येतात. या व्यवसायातल्या दोन सगळ्यात मोठ्या साखळ्या हार्बिन परिसरातूनच निघाल्या. पण रस्सा सहसा हाडांचा असतो. 'बान', म्हणजे रस्सा न घालता कालवलेला प्रकार घेता येतो, तरी भाज्या कशात उकळतात ते विचारा. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी बौद्ध शाकाहारी हॉटेल शोधावं, तिथे दोन्ही नसतात. जैन मंडळींनी खाकरे, थेपले बरोबर ठेवलेलेच बरे.

पिण्याचं

हार्बिन बिअर १९००पासूनची, चीनमधली सगळ्यात जुनी बिअर म्हणून ओळखली जाते. क्वास हे पाव आंबवून केलेलं, गोडसर, जवळजवळ बिनअल्कोहोलचं पेय, तेलकट जेवणाबरोबर उत्तम. बाटलीबंद क्वास ब्रँडनुसार फार गोड असतो, शक्य तर पिंपातला ताजा प्या. दारूमुळे अंगात ऊब आल्यासारखं वाटतं, पण त्वचेकडे रक्त वाढून शरीर उलट जास्त उष्णता गमावतं. म्हणून बर्फोत्सवाच्या मैदानावर जाण्याआधी पिऊ नका, परत आल्यावर प्या. कुणी स्थानिक माणसाने बोलावलं असेल तर पेला टेकवताना आपला थोडा खाली धरा, वडीलधाऱ्यांसमोर तर नक्कीच. दिवसा थर्मासमध्ये गरम पाणी असू द्या. रेल्वे स्टेशनांवर आणि गाड्यांत ते फुकट भरून मिळतं.

गोठलेली फळं आणि परतीचं सामान

कोळशासारखी काळी दिसणारी 'दोंगली', म्हणजे गोठवलेली पेअर, नासलेली समजून टाळू नका. गार पाण्याच्या वाडग्यात तासभर ठेवा. फळाभोवती बर्फाचं कवच धरतं आणि आतलं फळ मऊ होतं. कवच फोडा, सालाला छोटं भोक पाडा आणि रस ओढून घ्या, मग उरलेला गर खा. गरम पाणी वापरू नका, बाहेरून शिजल्यासारखं होतं आणि आत गोळा तसाच राहतो.

सॉसेज आणि मांसाचे पदार्थ भारतात आणायला परवाना लागतो, म्हणून बीजिंगच्या गाडीत खाऊन संपवा. वेगवान गाडीला सुमारे पाच तास लागतात, दालिएबाचा तुकडाही तेव्हाच संपेल. सुकी जनमो अळंबी आणि काळी 'मूअर' बुरशी ही इथल्या जंगलांची खासियत. आणायची असेल तर कंपनीने सील केलेलं लहान पाकीट घ्या आणि विमानतळावरचे नियम आधी बघा. घरी वापरताना मूअर गार पाण्यात दोन-तीन तासच भिजवा आणि त्याच दिवशी शिजवा. एक-दोन दिवस भिजत राहिलेल्या मूअरमध्ये जिवाणूंचं जीवघेणं विष तयार होऊ शकतं आणि ते शिजवूनही जात नाही.